धाकटीची गादी

दादांनी चादर ओढली आणि मागच्या खोलीत जमलेल्या चारही बायका एकदम गप्प झाल्या. चार बायका एकाच वेळी गप्प झाल्या की काहीतरी चुकलेलं असतं, एवढं अडतीस वर्षांच्या संसारात दादांना कळू लागलं होतं. काय चुकलं ते कळायला मात्र नेहमीप्रमाणे वेळ लागला.

चादरीखाली दोन गाद्या होत्या. शेजारी शेजारी, तीन-तीन फूट रुंद, निळ्या पट्ट्यांच्या कोऱ्या खोळीत, कडा अशा सरळ की पट्टी लावून बघावं. महिनाभर रोज दुपारी, चिमा पोस्टाच्या खिडकीवर कामाला असताना, दादांनी त्या भरल्या होत्या. कापूस त्यांनीच निवडला, त्यांनीच पिंजला. खोळी शिवायला एरवी वहिनी बसायच्या, पण धाकट्या बहिणीचं, चिमाचं काम म्हणून त्यांनी बायकोलाही हात लावू दिला नव्हता. वहिनी म्हणजे दादांचीच बायको. पण सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, त्यामुळे दादाही दुकानात आलेल्याला "वहिनींना विचारा" असंच सांगायचे.

तीन पिढ्यांचं गाद्या भरणारं घर होतं ते. पुढे दुकान, मागे कामाची खोली, वर राहायच्या खोल्या. आणि घराचा एक नेम होता. घरातल्या कुणाचंही लग्न असलं की त्याची गादी थोरल्यानं आपल्या हातानं भरायची, लग्नाआधीच्या रविवारी घरच्यांनी मागच्या खोलीत बसून दाभणानं एकेक टाका घालायचा, आणि टाके पडत असताना मोठ्यांनी लग्न होणाऱ्याला चार गोष्टी सांगायच्या. कसल्या चार गोष्टी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या आजवर कुणीच कुणाला धड सांगितल्या नव्हत्या, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. टाके मात्र प्रत्येक वेळी पडले होते.

"दोन?" शेवटी चिमा म्हणाली.

"दोन!" दादा खुशीत होते. "एक तुझी, एक त्यांची. हात फिरवून बघ. असा कापूस गेल्या दहा वर्षांत आला नव्हता."

चिमानं हात फिरवला नाही. ती त्रेपन्न वर्षांची होती, वीस वर्षांपूर्वी विधवा होऊन भावाकडे आलेली, आणि येत्या गुरुवारी तिचं पुन्हा लग्न होतं. "दादा," ती म्हणाली, "मी लग्न करतेय. वसतिगृह नाही उघडत."

मास्तरीण फिसकन हसली आणि आजीनं, म्हणजे दादांच्या आईनं, बघितल्यावर खोकला आल्यासारखं केलं. ही दादांची लेक, शाळाशाळांत जाऊन शिकवणारी.

"अगं, छान केल्यात की," आई म्हणाली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी नवी कवळी बसवल्यापासून तिचे शब्द अगदी स्वच्छ यायचे आणि घरातल्या सगळ्यांना ते ऐकावे लागायचे. "या वयात पाठ टेकायला हक्काची जागा लागते माणसाला. सोबत हवी म्हणून करतेयस ना लग्न? सोबत काय, दोन गाद्यांवरूनसुद्धा होते."

"नुसती सोबत हवी असती तर मी पोपट पाळला असता, आई."

"बाई बाई बाई!" आईनं कपाळाला हात लावला. "वय काय, बोलणं काय! आता तूच सांग गं हिला," तिनं नातीला पुढे केलं. "तू शिकवतेस ना त्या पोरांना हे सगळं?"

दादा चुळबुळले. मास्तरीण आठवी-नववीच्या मुलांना शरीर, आकर्षण, प्रेम यांबद्दल शिकवायची. जो विचारेल त्याला दादा "विज्ञान शिकवते" एवढंच सांगत आणि विषय हवापाण्यावर नेत. घरात या विषयाचं नाव निघालेलं त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं, तेही आईच्या तोंडून.

"आत्या," मास्तरीण जपून म्हणाली, "आजीचं अगदीच चूक नाही. म्हणजे, पुढच्या वयात जिव्हाळा, काळजी, हे सगळं जास्त..."

"तू वर्गात ती पेटी ठेवतेस ना? मुलं नाव न घालता प्रश्न टाकतात, ती?"

"हो."

"त्यात पन्नाशीच्या बाईची चिठ्ठी आली, की मला नवऱ्याच्या कुशीत झोपायचंय, तर तिला काय उत्तर देशील? जिव्हाळा?"

मास्तरीण कुठेही न बघता म्हणाली, "पेटी मी फक्त शाळेत ठेवते, आत्या. माझी चूक आहे." आणि आजीच्या शेजारून उठून ती सरळ आत्याच्या बाजूला जाऊन बसली. दादांनी हे सरकणं पाहिलं. घरातल्या भांडणात कोण कुठे बसतं यावरून निकाल लागायचा, आणि आतापर्यंत त्यांच्याकडे तिघी होत्या.

"दादा, इकडे बघ," चिमा म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे दादांना जास्तच धाकधूक वाटली. "माझ्या पहिल्या लग्नाला आपण याच खोलीत बसलो होतो. आई, तू माझ्या कानात काय सांगितलंस, आठवतं?"

"काय सांगितलं असेल? चांगलंच सांगितलं असेल."

"'सगळं आपोआप कळतं.' बास. एवढंच. आणि दादा, बाबांनी तुला सांगितलं होतं, जावयाला बाजूला घेऊन चार शब्द सांग. तू त्यांना जिन्यात घेऊन गेलास. काय सांगितलंस?"

दादांना ते लख्ख आठवत होतं, म्हणून ते खोळीवरचा नसलेला दोरा काढू लागले.

"'महिन्यातून दोनदा गादीला ऊन दाखवत जा,'" चिमानंच सांगून टाकलं.

वहिनींनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलायचे ते हललेच.

"बाबांनी मलाही तेच सांगितलं होतं," दादा पुटपुटले. "मला वाटलं, तसंच सांगतात."

"आणि ते बिचारे सरळ! त्यांना वाटलं, यात काहीतरी खोल अर्थ असणार. तीन महिने, दर पंधरा दिवसांनी, आम्ही दोघं मिळून गादी गच्चीवर नेत होतो. आमच्याइतकी ऊन खाल्लेली गादी अख्ख्या गल्लीत नसेल! आणि झोपायचो दोघं दोन कडांना, पाठीला पाठ लावून. मला काही माहीत नाही, त्यांनाही नाही. विचारायचं कुणाला? एकदा गादी जिन्यात अडकली. ते खाली, मी वर, मधे गादी. ना पुढे जाते ना मागे. दोघांना असं हसू फुटलं की तिथेच पायरीवर बसलो. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा बोललो, म्हणजे खरं बोललो. मला भीती वाटते म्हणून मी सांगितलं, तर ते म्हणाले, मलाही वाटते. मग बाकीचं जमलं."

'बाकीचं जमलं' हे ती इतक्या सहज म्हणाली की दादांना कान झाकावेसे वाटले. पण तिच्या चेहऱ्यावर तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं काहीतरी उजळून गेलेलं बघून त्यांना बरंही वाटलं. जावई भला माणूस होता. सात वर्षं बरी गेली त्यांची, मग पाच वर्षं आजारपणात गेली, आणि तेहेतिसाव्या वर्षी चिमा एक ट्रंक घेऊन या दारात उभी राहिली.

"इथे मला काही कमी नव्हतं," ती पुढे म्हणाली. "खोली दिलीत, मान दिलात, माझ्याशिवाय कधी घास घेतला नाहीत. पण खरं सांगू? वीस वर्षांत मला कुणी हात लावला असेल तर तो इंजेक्शन देणाऱ्या नर्सनं."

बाहेर रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली.

"आणि या माणसात असं काय बघितलंस?" आईनं विचारलं. आवाज पुष्कळ खाली आला होता.

ह्या माणसाला घरात सगळे कवळीवाले म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडे तो कवळ्या बनवायचा, आणि आईच्या दातांपायी या घराशी त्याची ओळख झाली होती. एकोणसाठ वर्षांचा, अविवाहित, बोलायला कमी.

"तुझी कवळी पहिल्यांदा बसवली ना, तेव्हा त्यांनी ती आधी कोमट पाण्यात धरली," चिमा म्हणाली. "मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, थंड वस्तू एकदम तोंडात गेली की माणूस दचकतं. एवढंच. आणि मग तुझी हनुवटी अशी दोन बोटांनी धरली, जशी... मला काय झालं सांगू? पोटात खड्डा पडला. त्रेपन्न वर्षांची बाई मी, दवाखान्यात उभी, आणि गुडघ्यात बळ नाही! मला वाटलं, आपलं रक्त कमी झालं. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं, तेव्हा कळलं की रक्ताचा काही संबंध नाही. म्हणून मग पुढच्या खेपा..."

ती थांबली, पण उशीर झाला होता.

"पुढच्या खेपा काय?" आई ताठ बसली. "पाच वेळा नेलंस तू मला! हिरडी दुखते का, हिरडी दुखते का, विचारून विचारून!"

"दोन खेपांत झालं होतं, आई."

"म्हणजे माझ्या तोंडाच्या जिवावर तुम्ही...!" संतापानं आईला पुढचं सुचेना. तिनं कवळी काढली, वाटीतल्या पाण्यात टाकली आणि ओठ मिटून बसली. कवळी वाटीत गेली की आईच्या बाजूनं चर्चा बंद, हे घरात पक्कं होतं.

चिमा उठली. "पाच वाजता ते येतायत टाका घालायला. मी त्यांना आणायला स्टॉपवर जाते. दादा, तू जीव ओतून केल्यास या, मला दिसतंय. पण मी यात टाका घालणार नाही. एक होत नसेल तर राहू दे. मी बाजारातून आणेन."

ती गेली. गादीवाल्याच्या घरची मुलगी बाजारातली गादी घेऊन नांदायला जाणार! शिवी दिली असती तर परवडली असती. आणि दादांना कळत होतं की ती रागाच्या भरात बोलली नाही. ती एकदा गेली, की दर रविवारी हसत येईल, चहा पिईल, सगळ्यांची विचारपूस करेल, आणि मनातलं पुन्हा कधी या घरात काढणार नाही. दादांना भीती वाटली ती त्याची.

मास्तरीण आजीला पाणी आणायला वर गेली आणि आई भिंतीला टेकून डुलकी घेऊ लागली. वहिनी येऊन दादांच्या शेजारी, त्या दोनांतल्या एका गादीवर बसल्या.

"तुलाही असंच वाटतं ना?" दादांनी हळूच विचारलं. "मग आधी का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही एक करताय. चादरीखाली काय दडवलंय ते मला तरी कुठे दाखवलंत?"

"पाच फुटांचं कापड आधी अंथरलं होतं गं मी. खरंच. पण कात्री चालेना. डोळ्यांसमोर ती येते, दोन वेण्या घातलेली. ती आणि कुणीतरी परका माणूस, आणि त्यांची गादी मी भरायची... मला कसंतरीच झालं."

"त्या वेण्या पांढऱ्या झाल्या, अहो."

दादांनी गादीची सरळ कड उगाच आणखी सरळ केली.

"एक विचारू?" वहिनी म्हणाल्या. "लोकांच्या गाद्या भरायला येतात तेव्हा तुम्हाला कळतं ना, घरात कसं चाललंय ते?"

कळत तर होतंच. चाळीस वर्षं गाद्या उसवल्यावर न कळायला काय होतं. दोन खड्डे दोन कडांना पडले असले की त्या घरात अबोला. एका बाजूला खोल खड्डा आणि दुसरी बाजू कोरी, म्हणजे एक जण बाहेरच्या खोलीत झोपतो. दादांनी हे आजवर कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. गिऱ्हाइकाची अब्रू ती आपली अब्रू.

"आपली कुठे दबते?" वहिनींनी विचारलं.

बासष्ट वर्षांचे दादा कानापर्यंत लाल झाले. "काहीतरीच काय विचारतेस!"

"कारागिराला विचारतेय."

"...मधे."

"अजून?"

"अजून," दादा म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. अडतीस वर्षांत त्या दोघांनी या विषयावर केलेलं हे सगळ्यांत लांबलचक संभाषण होतं.

"आता वर जा," वहिनी म्हणाल्या. "तिच्या खोलीतली गादी बघून या."

"दर दोन वर्षांनी मीच भरतो ती."

"भरता हो. बघता कुठे?"

दादा वर गेले. चिमाची खोली नेहमीसारखी आवरलेली होती. खिडकीपाशी चष्मा, पोस्टाचा निळा कोट खुंटीवर, भिंतीला लागून कॉट. त्यांनी चादर उचलली आणि तळहात सवयीनं गादीवर फिरवला.

भिंतीकडच्या कडेला खड्डा होता. लांबट, अरुंद, एका अंगावर झोपणाऱ्या माणसाचा. उरलेली गादी जशीच्या तशी होती.

दादांना तो खड्डा ओळखीचा होता. दर खेपेला तो तिथेच पडायचा, आणि दर खेपेला त्यांना वाटायचं की आपल्याच भरण्यात खोट आहे, या कडेला कापूस बसत नाही. मग ते त्या बाजूला मूठ-मूठ जास्त कापूस कोंबायचे. गेल्या खेपेला तर त्यांनी ती कड इतकी ठासली होती की दाभण वाकलं होतं. तीन फुटांच्या गादीवर एकटी झोपणारी बाई वीस वर्षं कडेला का सरकते, शेजारची जागा कोणासाठी सोडते, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. लोकांच्या गाद्या वाचणारा माणूस घरातल्या गादीपाशी ठार आंधळा निघाला होता.

त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ते डोळे पुसून खाली आले, फळीवरून पातं घेतलं आणि पहिल्या गादीची कडेची शिवण एका दमात उसवली.

"बाबा!" मास्तरीण ओरडली.

आईनं घाईघाईनं वाटीत बोटं घालून कवळी तोंडात बसवली. "अरे, अरे, कोऱ्या गाद्या! डोकं फिरलं का तुझं?"

"फिरलेलं होतं, आता ठिकाणावर आलं," दादा म्हणाले आणि दुसरीला पातं लावलं. "बसा सगळे. कापूस दाबून भरला होता, मोकळा करायला लागेल. आई, तूसुद्धा."

दोन्ही खोळी उलट्या झाल्या आणि खोलीच्या मधोमध कापसाचा ढीग पडला. चौघं त्याच्याभोवती बसली. आई जराशी कुरकुरली, पण जन्म याच कामात गेलेला. हात आपसूक चालू लागले. थोड्या वेळानं ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. सगळ्यांनी विचारलं, जेवलीस का, औषध घेतलंस का. बाकीचं विचारायची पद्धतच नव्हती. चिमीला तरी मी काय सांगणार होते? मलाच कुणी सांगितलं नव्हतं." आणि हातातला गोळा उकलत राहिली. वहिनींनी तिच्या पुढ्यात आणखी थोडा कापूस सरकवला.

दादांनी लेकीकडे पाहिलं. सहा वर्षं ती हे काम करत होती. "तू त्या पोरांना नक्की सांगतेस तरी काय गं?" त्यांनी विचारलं.

मास्तरीण थबकली. हा प्रश्न बाबा विचारतील असं तिला वाटलंच नव्हतं. "पहिल्या तासाला नुसती लाज घालवते," ती म्हणाली. "शरीराच्या अवयवांची नावं सगळ्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणून घेते. पहिल्यांदा खिदळतात. पाचव्यांदा कंटाळतात. कंटाळले की शिकवायला घेते."

"आणि मग?"

"मग त्यांचे प्रश्न. एकीनं विचारलं होतं, तो दिसला की पोटात गोळा येतो, हे प्रेम का? मी म्हटलं, हे आकर्षण, आणि ते छान असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गोळा येऊन गेल्यावरही तो माणूस आवडतोय का, आपल्याशी नीट वागतोय का, ते बघ. ते प्रेमाकडचं."

"पोटातला गोळा या वयातही येतो, ते लिहून ठेव तुझ्या वहीत," वहिनी म्हणाल्या.

"आणि मुलांना सगळ्यांत जास्त वेळा काय सांगावं लागतं माहितीये? समोरच्याच्या मनातलं आपणच ठरवून टाकू नका. त्याला काय हवं, काय नको, ते त्यालाच विचारा. इतकं सोपं, पण कुणाला सुचत नाही."

"गिऱ्हाईक दारात आलं की मी आधी माप विचारतो," दादा हळू म्हणाले.

"हो ना. आत्याला विचारलंत?"

पाच वाजून गेल्यावर दोघं आली. चिमा पुढे होती, तोंड बंद, भांडणाच्या तयारीत. दारात येऊन ती जागीच थांबली. गाद्या कुठेच नव्हत्या. घरभर कापूस होता, आईच्या केसांत, वहिनींच्या भुवयांवर, मास्तरणीच्या चष्म्यावर.

"या, या," दादा कवळीवाल्यांना म्हणाले. "खुर्ची सापडत नाहीये, इथेच बसा."

कवळीवाले बसले. नीट इस्त्री केलेला त्यांचा सदरा बघता बघता पांढरा झाला.

"माझ्या दोन खेपा जास्त झाल्या म्हणे?" आईनं त्यांना डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

"तीन," कवळीवाले प्रामाणिकपणे म्हणाले.

आईचा जबडा हलला. रागवावं की हसावं हे ठरेना तिचं, आणि शेवटी हसूच बाहेर पडलं. तेवढ्यात कवळीवाल्यांनी कुणी न सांगता समोरचा एक गोळा उचलला होता. दादा तिरक्या नजरेनं बघत होते. नवखा माणूस कापूस तोडतो, ओढतो. या माणसाची बोटं घाईत नव्हती. कापूस जिथून सुटत होता तिथूनच ते तो सोडवत होते. चिमाला त्या दवाखान्यात काय दिसलं असेल ते दादांना आता थोडंफार कळलं.

त्यांनी निळ्या पट्ट्यांचं उरलेलं कापड जमिनीवर अंथरलं, टेप घेतली आणि गुडघ्यावर बसले. "चिमे," ते म्हणाले. "तुला न विचारता मी कामाला लागलो, चुकलं माझं. सांग आता. रुंदी किती ठेवू?"

चिमानं कापडाकडे पाहिलं, मग दादांकडे. कवळीवाल्यांनी मान कापसात घातली होती, पण लाल झालेले कान दिसायचे ते दिसतच होते.

"साडेचार," चिमा म्हणाली.

"दोघांची पाचाची करतात गं. पाचाची ऐसपैस होते."

"मला माहीत आहे. गादीवाल्याची बहीण आहे मी. साडेचार."

दादांनी टेप ओढली, खडू घेतला, आणि वर न बघता, दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं अगदी गंभीरपणे विचारलं, "मग सव्वाचार करू का?"

वहिनी आधी फुटल्या. मग मास्तरीण लोळलीच. आई "काय मेलं हे!" म्हणत एका हातानं कवळी धरून हसत होती, आणि कवळीवाल्यांनी दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं होतं. चिमानं हाताला लागला तेवढा कापूस उचलून दादांच्या तोंडावर मारला. मग ती गुडघ्यांवर तशीच सरकत, कापसातून वाट काढत आली, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान पोरीसारखी रडू लागली. दादांचा हात खडूनं भरलेला होता. तोच त्यांनी तिच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.